लॅमिनेट केलेली पडवी

आमच्या लालबागच्या चाळीत नोटीस बोर्डावर पाणी कधी येणार हे कधीच लिहिलेलं नसतं. तिथे जयवंत परबांच्या मुलीचं इंग्रजी आहे. लॅमिनेट करून, चारी कोपऱ्यांत खिळे ठोकून. जयवंतराव कमिटीचे सेक्रेटरी, त्यामुळे बोर्ड त्यांचा, खिळे त्यांचे आणि मुलगीही त्यांचीच.

मुलगी म्हणजे आकांक्षा. परळला गिरणीच्या जागी काचेची इमारत झालीय, तिथे ती कामाला जाते. काम काय, तर कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पडद्यावर चित्र दाखवणारा जो कोड असतो, त्यातला कुठला आकडा कशासाठी आहे ते लिहून ठेवायचं. कोड लिहिणारे लिहून मोकळे होतात. पुढल्या वर्षी त्यांचं त्यांनाच कळत नाही. मग हिच्यासारखं कुणीतरी मागून झाडू मारत येतं. जगभरचे लोक मिळून चालवतात अशा एका सिस्टिमसाठी तिने पडद्याच्या वेळांबद्दल काही ओळी लिहून पाठवल्या, आणि जयवंतरावांनी त्या त्याच संध्याकाळी छापून आणल्या. लोक पेढे वाटतात, ह्यांनी लॅमिनेशन केलं.

त्यानंतर गॅसवाला असो की कुरिअरवाला, बोर्डासमोर उभा केल्याशिवाय सुटका नाही. "माझ्या चेडवाचा हा. जगभर गेला." गॅसवाला मान डोलवायचा आणि पावती फाडायचा. अर्थ जयवंतरावांनाही ठाऊक नव्हता, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

मी समोरच्या खोलीत राहतो, म्हणून मला आकांक्षाकडून अर्थही ऐकावा लागला. पडदा चित्र ओळीओळीने रंगवतो, डावीकडून उजवीकडे. एक ओळ संपली की जरा दम खातो, मग 'चल पुढे' असा इशारा मिळतो, मग पुन्हा जरा दम आणि मग पुढची ओळ. दम खाण्याच्या ह्या दोन जागांना फ्रंट पोर्च आणि बॅक पोर्च म्हणतात, म्हणजे आपली पुढची पडवी आणि मागची पडवी. दोन्ही सारख्या लांबीच्या नसतात. कुठली आधी आणि कुठली नंतर एवढंच त्या कागदावर होतं. मी म्हटलं, एवढ्यासाठी पगार देतात? ती म्हणाली, हे तर फुकट केलंय.

यंदा चाळीला शंभर वर्षं झाली. चौकात कार्यक्रम ठरला. पडद्यावर सगळ्या बिऱ्हाडांच्या पहिल्या पिढीचे फोटो एकाच चित्रात दाखवायचे: डाव्या कडेला तळमजल्याची उभी रांग, शेजारी पहिला मजला, असं करत उजवीकडे तिसरा. पडदा म्हणजे हिंदमातावरच्या एका साडीवाल्याने दुकानातून काढून टाकलेला मोठा मॉनिटर. तो इतका जुना की आपली मापं कॉम्प्युटरला स्वतःहून सांगत नव्हता. पाठीवरच्या स्टिकरवर दोन्ही पडव्यांचे आकडे नावासकट होते, ते हाताने भरायचे होते; पण कॉम्प्युटर नावं विचारत नव्हता, ओळीच्या आधी किती दम आणि नंतर किती एवढंच विचारत होता. हे काम बेसिल अंकलकडे. गिरगावात त्यांचा साउंडचा धंदा, लग्नं आणि चर्चची फेस्तं दोन्हीकडे तेच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे तळमजला आणि कमिटी यांचं पटत नाही. का, ते दोघांनाही आता आठवत नाही, पण म्हणून भांडण सोडून द्यायचं की काय?

तर जयवंतरावांनी नारळ फोडला, पडदा लागला, चित्र आलं. पहिला मजला होता, दुसरा होता, तिसराही होता. तळमजला नव्हता. सगळं चित्र डावीकडे सरकून तळमजल्याची रांग पडद्याबाहेर गेली होती आणि उजवीकडे तेवढीच काळी पट्टी मोकळी पडली होती.

तळमजल्याच्या शांतावहिनी खुर्चीवरून उठल्या. "शंभर वर्षं सगळ्या चाळीचं गटार आमच्या दारावरून जातं, आणि फोटोत आम्ही नाय? जागा नव्हती म्हणावं तर ती बघा, अख्खी काळी पट्टी रिकामी ठेवलीय!"

"शांतावहिनी, देवाशपथ, माका कायेक म्हायत नाय," जयवंतराव म्हणाले.

"तुम्हालाच म्हायत असणार. सेक्रेटरी कोण? चला गो, उठा सगळ्याजणी!"

खुर्च्या सरकायला लागल्या. एवढ्यात आकांक्षा ऑफिसातून आली, खांद्याला बॅग तशीच. तिने पडद्याकडे एकदाच बघितलं आणि बेसिल अंकलना विचारलं, "पोर्च कसे टाकलेत?"

"तुझ्या बोर्डावर लिहिलंय तसेच, बाय. फोन केला, तू उचलला नाय. म्हटलं, पोरीने लिहून ठेवलंय, अजून काय पाहिजे?"

आकांक्षाचा चेहरा पडला. तो कागद म्हणजे तिचा पहिला खर्डा होता. तिकडच्या तपासनिसाने दोनच दिवसांत कळवलं होतं की पडव्या उलट्या लिहिल्यात. तिने दुरुस्त करून पाठवलं आणि ते पास झालं. पण तोवर इकडे खिळे ठोकून झाले होते. "बाबा, तो कागद काढा," असं ती एकदा म्हणाली होती. जयवंतरावांना तो विनय वाटला. मग त्यांना गॅसवाल्यासमोर छाती फुगवताना पाहून तिला पुन्हा बोलवेना.

"दोन आकडे फिरवतो," बेसिल अंकल हळूच म्हणाले. "आत्ता येतील सगळे."

शांतावहिनींचे कान तिखट. "म्हणजे आम्ही बोंबललो म्हणून आता घालणार!"

इथेच सगळं अडलं. गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कमिटीची लबाडीच सिद्ध झाली असती. खरं सांगावं तर बापाच्या अभिमानावरच पाय. आकांक्षा वडिलांकडे बघत राहिली. त्यांनी नारळाचं पाणी लागलेले हात पँटला पुसले. मला त्या माणसाची फार दया आली, आणि मी सहसा कमिटीवाल्यांची दया करत नाही.

तिने माइक घेतला. "कमिटीने काही केलेलं नाही. बोर्डावरचा कागद चुकीचा आहे. माझाच आहे, पण नापास झालेला. बेसिल अंकलनी तो बघून आकडे भरले."

जयवंतराव बोर्डाकडे गेले. खिळे निघेनात, तेव्हा त्यांनी कागद हिसडून काढला, कोपरे फाटले. तो त्यांनी शांतावहिनींच्या हातात दिला. "माझ्या चेडवाचा हा. चुकला. मी लावलेलंय."

वहिनींनी कागद उलटसुलट करून पाहिला. "इंग्लिश हाय?"

"इंग्लिश."

"मग असंल चुकीचं," म्हणत त्या खाली बसल्या. बेसिल अंकलनी आकडे फिरवले. चित्र उजवीकडे सरकलं आणि सगळ्यात पहिले दिसले ते वहिनींचे सासरे, काळ्या टोपीतले. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या क्षणाला म्हणाल्या, "टोपी जरा कापलीय, बघून घ्या."

तो फाटका कागद आता त्यांच्या दारावर आहे. कमिटीने शंभर वर्षांत मान्य केलेली ही पहिली चूक आहे, असं त्या गॅसवाल्याला सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंतराव गॅलरीत चहा घेऊन आकांक्षाशेजारी उभे राहिले. "गो, माका सांग बघू. पुढची पडवी खंय असता?"

"ओळ संपल्यावर, बाबा. आणि मागची पडवी ओळीच्या आधी."

त्यांनी कप कठड्यावर ठेवला. "ह्या उलटाच झाला. आपल्या गावच्या घरात शिरताना पुढची पडवी पयली लागता."

"मी तेच घर डोळ्यांसमोर धरून लिहिलं होतं."

जयवंतरावांनी चहा संपवला, पास झालेला कागद तिच्याकडून मागून घेतला आणि खाली गेले. मला वाटलं, चालले लॅमिनेशनला. पण त्यांनी तो बोर्डाला एका टाचणीने लावला. आणि गॅसवाला आला तेव्हा त्याला उभा करून, पहिल्यांदाच, आत काय लिहिलंय ते समजावून सांगितलं.