वरच्या दोन ओळी

लाल प्लास्टिक वायरीचं टोक आत खोवलेलं नव्हतं. कुत्र्याच्या मानेभोवतीच्या पट्ट्यातून ते बोटभर बाहेर आलं होतं आणि कुत्रं हलेल तसं हलत होतं. ज्योत्स्ना पायांतली चप्पलही न काढता उंबऱ्याशी उभी राहून त्या टोकाकडे बघत राहिली. आई टोक कधी बाहेर ठेवत नसे. शेवटची गाठ झाली की उरलेली वायर आतल्या गाठींखालून ओढून घ्यायची, वरून स्वतःचं बोट फिरवायची आणि मग माझं बोट धरून तिथून फिरवायची. टोचतंय? नाही. मग झाली पिशवी... आणि हा लाल रंग. वाळत घातलेल्या मिरचीचा असतो तसा, किंचित काळपट. असा एकाच पिशवीला होता, ज्योत्स्नाच्या शाळेच्या डब्याच्या पिशवीला, म्हणजे —

तिने भिंतीकडे पाहिलं. आईच्या पिशव्या टांगलेल्या असायच्या त्या खिळ्यांच्या रांगेवर एकही पिशवी नव्हती.

"आलीस व्हय?" मागच्या अंगणातून अण्णांचा आवाज आला. "कुठली गाडी धरली?"

"इंदापूर."

"डायवर कोण व्हता?"

जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला मुलीला विचारायला एवढंच सुचतं. आई बारामतीला ज्योत्स्नाच्या फ्लॅटवर आजारी होती तेव्हा अण्णा दर रविवारी यायचे. दारातच ड्रायव्हरचं नाव सांगायचे, गाडी कुठे किती वेळ थांबली ते सांगायचे, मग पाणी प्यायचे आणि मग आईकडे बघायचे. तेही खुर्चीवरून.

ती मागे गेली. चुलीवर पातेलं होतं आणि पातेल्यात वायरी होत्या — निळ्या, हिरव्या, चॉकलेटी, ठरावीक अंतरावर मुरड पडलेल्या — आणि अण्णा उसाच्या कांडक्याने त्या ढवळत होते. "सोडलेली वायर वाकडीच ऱ्हाती," तिने न विचारताच ते म्हणाले. "ऊन पाण्यात घातली की इसरती. मग नव्यागत व्हती."

इसरती. हे वाक्य एखाद्या कथेत भेटलं असतं तर आपण त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली असती, असं तिला वाटलं. इथे, बापाच्या तोंडून ते ऐकताना तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले.

मग तिला एकेक दिसत गेलं. आईची निळी-चॉकलेटी बाजाराची पिशवी सायकलच्या सीटवर ताणून बसवली होती. हिरवी, जिच्यातून आई पोलिओच्या डोसाच्या दिवशी अंगणवाडीत बिस्किटं न्यायची, ती दिव्याभोवती टोपीसारखी लटकत होती, एका बाजूला कललेली. कोपऱ्यात बसकरासारखं काहीतरी होतं, तीनचार पिशव्यांचं मिळून, मधे फुगलेलं, कडेला आखडलेलं, आणि त्यावर कुत्र्याचे केस. सगळं कुरूप होतं. हेच तिला सहन होत नव्हतं. आईच्या हातच्या गाठी सोडून यांनी निदान काहीतरी बरं केलं असतं...

पुढच्या रविवारी आईचं पहिलं पुण्यस्मरण होतं. धम्मदीप, ज्योत्स्नाचा भाऊ, पुण्याहून येणार होता, भन्तेजींना सांगून झालं होतं. ती आज एकाच कामासाठी आली होती: पांढरी-निळी पिशवी न्यायला. आईची शेवटची. बारामतीत, दोन केमोंच्या मधल्या दिवसांत केलेली. ती फोटोशेजारी ठेवायची होती. भिंतीवर ती नव्हती, पातेल्यात पांढरा रंग नव्हता, बसकरातही नव्हता. म्हणजे अजून असेल. असायला हवी.

"डबल, चल! टिंग टिंग!" अण्णा ओरडले, आणि कुत्रं अंगणभर सुसाट धावत सुटलं, तुळया रचल्या होत्या तिथून, पाण्याच्या टाकीमागून, परत. अण्णा हसले. डोकं मागे टाकून, वरच्या पडलेल्या दातांची फट दिसेल असे. हे हसणं तिला माहीत नव्हतं. या घरात ती वाढली आणि हे हसणं तिने कधी ऐकलं नव्हतं.

कुत्र्याचं नाव डबल. आई गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी, कारखान्याचा हंगाम संपून ऊसतोडीवाले गेले तेव्हा त्यांच्या खोपीपाशी राहिलेलं पिल्लू. फोनवर धम्मदीपने विचारलं होतं, डबल म्हणजे काय. "कंडक्टर एक घंटी देतो थांबायला, दोन निघायला," अण्णा म्हणाले होते. "ह्ये थांबतच न्हाय." आणि धम्मदीप हसला होता. तिने तेव्हाही फोन कानापासून थोडा लांब धरला होता.

कुशाबाई कुंपणाच्या फटीतून ताकाचा तांब्या घेऊन आली. शेजारची, आईच्याच वयाची. "जयभीम जोस्ना. बघितलंस का बापाचं? कुत्र्याला गळ्यातलं केलं, गादी केली, आता वरात काढायची ऱ्हायलीय."

"तू हायस की म्होरं नाचायला," अण्णा म्हणाले.

"नाचते की! बँडवाला तेवढा बरा बघ." ती ज्योत्स्नाकडे वळली. "तुजी आय ताईबाई असती ना, ह्याच्या पाठीत चुलीतलं लाकूड घातलं असतं. ती हुती तवर येका पिशवीला हात लावला न्हाय ह्यानं. बाजारला जाताना म्हनायचा, बायकांची पिशवी मी न्हाय धरणार."

"खरं हाय," अण्णा म्हणाले आणि परत हसले.

आज पहिल्यांदा त्या अंगणात आईचं नाव निघालं होतं, आणि ते हसले होते. ज्योत्स्नाने ताकाचा तांब्या घेतला, आत जाऊन झाकून ठेवला, आणि स्वयंपाकघरात उगाचच उभी राहिली. वायर ओढून घट्ट करताना करकर आवाज येतो, ओल्या काचेवर बोट घासल्यासारखा. अण्णा रजेवर घरी असले की झोपेतून ओरडायचे — ती किरकिर बंद कर, माजं टकुरं उठलंय. आई वायरींचा गुंडाळा उचलायची आणि कुशाबाईच्या ओट्यावर जाऊन बसायची. त्या माणसाने आता आवाजासकट सगळं घेतलं होतं.

जेवताना त्यांनी पहिली भाकरी कुत्र्याला मोडून घातली. वांग्याचं कालवण चांगलं झालं होतं. तिला ते कबूल करायचं नव्हतं म्हणून तिने दुसऱ्यांदा घेतलं नाही.

"अण्णा, आईची पांढरी-निळी पिशवी कुठंय?"

"हाय की."

"कुठंय?"

ते उठले, कपाटावरून पिशवी काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली. मुठी काढल्या होत्या. वरच्या दोन ओळी सोडलेल्या होत्या. निळ्या वायरी सगळ्या बाजूंनी उभ्या राहिल्या होत्या, विस्कटलेल्या, आणि आडवी पांढरी वायर बाजूला लोंबत होती.

ज्योत्स्नाने पिशवी उचलून मांडीत घेतली. तिला किंचाळायचं होतं. ती म्हणाली, "ही का सोडली?"

"हिचा बुडाचा कोपरा येगळाच हाय. बाकीच्या समद्या सारख्या. हिच्यात काय तरी केलंय तिनं, वरनं कळंना. खोलल्याबिगर दिसत न्हाय."

"तिची बोटं बधिर झाली होती." तिने प्रत्येक शब्द सुटा सुटा उच्चारला. "सुईसुद्धा धरता येत नव्हती तिला. त्याला वेगळं म्हणत नाहीत अण्णा, चुकलेलं म्हणतात."

अण्णांनी वाकून कोपऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तरी भारी झालाय," ते म्हणाले.

आणि तेव्हा तिने त्यांना एक वाट करून दिली. का, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. कदाचित अशी माणसं तिने पुस्तकांत इतकी वाचली होती की समोरच्या माणसालाही तसंच असण्याची संधी द्यावी असं वाटलं. गेलेल्या बायकोच्या गाठी उलट्या क्रमाने सोडत जाणारा म्हातारा, तिचा हात जिथून निघाला तिथपर्यंत मागे मागे जाणारा... त्याने नुसतं हो म्हटलं असतं तरी तिने सगळं माफ केलं असतं: बसकर, दिवा, रविवारची खुर्ची. "तिची आठवण येते म्हणून सोडता ना?"

"न्हाय बा," अण्णा म्हणाले. त्यांना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. "आठवण काय, ती आपली असतीच. ह्ये म्हंजी... हात चालतो. बरं वाटतं. मधीच ह्ये येतं, वायर पळवतं, मग ह्याच्या मागं पळायचं. दिस जातो."

"एवढ्यासाठी?"

"येवढ्यासाठीच की. आनि कशासाठी?"

ती उठून पुढच्या ओट्यावर आली. पिशवी हातात होती. रस्त्यावरून उसाने लादलेला ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या, वरती गाणं. बरं वाटतं! शोकसभेत तिने आईवर बोलताना काय काय म्हटलं होतं — संसार, काटकसर, घरातल्या प्रत्येकासाठी झिजलेले हात. लोकांनी डोळे पुसले होते. बोलताना तिच्यासमोर आईचा जो चेहरा होता तो तिने सभेसाठी नीट पुसून घेतला होता. खरा चेहरा निराळा होता, आणि तो आता, कुत्र्याच्या केसांनी भरलेल्या या ओट्यावर, न बोलावता आला. सात-आठ वर्षांची मी कुशाबाईच्या ओट्याखाली उभी आहे, आई म्हणून हाक मारते आहे, गुडघा फुटलाय किंवा भूक लागलीय, आणि आई ऐकत नाही. ऐकत नाही म्हणजे तिला ऐकूच येत नाही. तिच्या ओठांच्या एका कडेला हसू आहे, ते माझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. हातात वायर आहे. मला त्या वेळी ती पिशवी चुलीत घालावीशी वाटली होती.

झिजलेले हात! आईला मजा येत होती. तिलाही नुसतं बरं वाटत होतं.

आणि मी प्रत्येक वेळी ओट्याखाली.

डबल येऊन तिच्या पायाशी बसलं. "जा," ती म्हणाली. ते गेलं नाही. तिने पिशवी मांडीवर घेऊन एक निळी वायर धरली, तिचा फास केला, पांढरी मागून फिरवून त्यातून ओढली. गाठ झाली नाही, नुसता वेढा पडला आणि सुटला. पुन्हा. पुन्हा सुटला. पिशवी अशीच फोटोशेजारी ठेवता आली नसती. पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसत होती ती. आणि आईच्या हातून ती पूर्ण होणार नव्हती.

अण्णा दारात उभे होते. "दे हिकडं."

"नको."

ते तिथेच बसले. तंबाखू मळली. थोड्या वेळाने तिने, त्यांच्याकडे न बघता, पिशवी पुढे सरकवली. "बंद करून द्या. काही सोडायचं नाही. फक्त होती तशी बंद करायची."

त्यांनी गाठी मारायला घेतल्या. जाड, नखं काळवंडलेली बोटं. प्रत्येक गाठीला श्वास रोखायचे आणि गाठ बसली की फुस्सकन सोडायचे. अर्धी ओळ झाल्यावर पिशवीचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"वाकडं झालंय," ती म्हणाली.

"व्हय की!" त्यांना आनंदच झाला.

"सोडा. परत करा."

त्यांनी सोडलं, परत केलं, या वेळी दुसऱ्या बाजूला ओढलं गेलं. "सोडा." पांढऱ्या वायरीचं लोंबतं टोक डबलने दातांत धरलं आणि ते निघालं; पिशवी अण्णांच्या हातून सुटून ओट्यावरून खाली, अंगणातून फाटकापर्यंत खरडत गेली, मागे अण्णा, धोतराचा सोगा धरून, शिव्या देत, हसत, एकदा गुडघ्यावर पडून. ज्योत्स्ना उभी राहिली होती. तिच्या तोंडून निघालं ते, "अहो पकडा त्याला! उठा, पळा की!" आणि तो आवाज तिला अनोळखी वाटला, गल्लीतल्या भांडणातला.

पिशवी परत आली. बुडाला माती लागली होती, कोपरा शाबूत होता.

"आता तूच कर," अण्णा धापा टाकत म्हणाले. "लय बोलतीस. मी धरतो, तू वढ. आगं तशी न्हाय, दोनी येकदम वढायच्या. दोनी."

तिने दोन्ही एकदम ओढल्या. करकर आवाज झाला आणि गाठ बसली, लहान, चौकोनी. तिने दुसरी घातली. तिसरी सुटली, ती पुन्हा घातली. खाली आईची शेवटची ओळ होती, बधिर बोटांची, सैल. वर ही, अडाणी, नको तितकी घट्ट. आई कुठे संपली ते रविवारी येणाऱ्या कुणालाही लांबून दिसलं असतं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. तिने वाईट वाटण्याची वाट पाहिली, आणि तेवढ्यात पुढची वायर हाताशी आली.

फाट्याच्या बाजूने हॉर्न ऐकू आला. "बारामती गेली," अण्णा म्हणाले. "आता सहाला."

कोपऱ्याजवळ वायर आखडत होती, तिथे एक जास्तीचा वेढा दिला तर... दिला. बसला. छातीत काहीतरी, कितीतरी दिवस आवळून धरलेलं, बारीकसं ढिलं झालं — आणि त्याचा तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढची ओळ क्षणभर दिसेनाशी झाली. यांच्याशेजारी नको. या ओट्यावर, या कुत्र्याच्या वासात नको. अण्णा वायर धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते हे तिला न बघता कळत होतं. तिने कपाळावरची आठी तशीच ठेवली, ओठ तसेच मिटून ठेवले, हसण्याचा मागमूस कुठल्या कडेला राहू नये याची काळजी घेतली, आणि भांडण अजून मिटलेलं नाही अशा आवाजात म्हणाली, "नीट धरा. हलवू नका."