हिरव्यावर क्लिक करा

दाढ ठणकायला लागली तेव्हा वहिनींना वाटलं, निदान दातांच्या दवाखान्याची वेबसाइट तरी घरच्या माणसाने बनवलीय. धाकट्या दिराने. लहानपणीच दृष्टी गेलेल्या वहिनींचा सगळा कारभार फोनवर चाले. पडद्यावर असेल ते फोन वाचून दाखवी. दवाखान्यात कोणी फोन उचलेना, म्हणून त्यांनी वेबसाइट उघडली.

"हसणारी बाई. निळी रेघ. पांढरे दात. निळी रेघ," फोन बडबडू लागला. या रेघांचं काय लोणचं घालायचंय? कशाबशा त्या भेटीच्या वेळांपर्यंत पोचल्या. "दहा. साडेदहा. अकरा." त्यांनी दहा निवडलं. काही नाही. साडेदहा. ढिम्म. शेवटी वैतागून त्यांनी दिरालाच बोलावून घेतलं.

"वेबसाइट अगदी नियमांप्रमाणे आहे, वहिनी," तो चपला काढता काढताच म्हणाला. "अपंगांसाठीच्या तपासणीत शंभरपैकी शंभर!"

"तपासलं कुणी?"

"एक प्रोग्रॅम असतो."

"त्याची दाढ दुखत होती का?"

तो हसला आणि शेजारी बसला. "सोपं आहे हो. लाल वेळा भरलेल्या, हिरव्या रिकाम्या. हिरव्यावर क्लिक करा."

"हिरवी कुठली, भाऊजी?"

तो जागच्या जागी चुळबुळला. मग तो पुटपुटला, "नुसत्या रंगावर काही सोडू नये असं नियमांत आहे खरं. वाचलं होतं मी." आणि घाईघाईने, "द्या, मी बुक करतो!"

"आणि बाकीच्यांच्या घरोघरी कोण जाणार? तुम्हीच?" वहिनींनी बर्फाची पिशवी गालावर दाबली. "बसा इथेच. नीट करा."

कुरकुरत त्याने लॅपटॉप उघडला. रेघांची तोंडं बंद केली, प्रत्येक वेळेपुढे 'रिकामी' नाहीतर 'भरलेली' लिहिलं. मग वहिनींनी स्वतःच्या हाताने उद्या दुपारची वेळ घेतली. दिराने सोडलेला सुस्कारा त्यांना स्पष्ट ऐकू आला.

तेवढ्यात वेबसाइटने पाठवलेला दवाखान्याचा निरोप फोनवर आला. त्यांनी तो उघडला.

"चित्र," फोन म्हणाला, आणि गप्प बसला.

"पत्ता, मजला, सगळं त्यात लिहिलंय," दीर हळूच म्हणाला. "छान अक्षरात. वाचून दाखवू?"

वहिनींनी बर्फाची पिशवी टेबलावर आपटली.

"लॅपटॉप बंद केलात का, भाऊजी?"

"केला."

"उघडा."