नळाचं झाकण

थोरलीने ग्राइंडर बंद केला आणि बाबांचं हसू तिच्या कानावर आलं. वर्कशॉपमध्ये ते हसू दोन वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

घोडीवर आडव्या ठेवलेल्या लोखंडी नळावर धाकटी खडूने रेघ ओढत होती. नळ चांगला मिठीत न मावणारा. एका टोकाला बाहेरून जाळाचा डबा जोडायचा, दुसऱ्या टोकाला धुराडं. जाळ बाजूलाच राहायचा, धूर तेवढा नळातून फिरायचा आणि आत जाळीवर ठेवलेलं मांस दिवसभर सावकाश शिजायचं. धाकटीला आपल्या नव्या खानावळीसाठी अशी भट्टी हवी होती. विकतची नको, बाबांच्या वर्कशॉपमधली हवी. त्यासाठी पंधरा दिवस सुट्टी काढून ती माहेरी आली होती, आणि दोन वर्षं खिडकीपाशी बसून राहिलेले बाबा दुसऱ्याच सकाळी चपला शोधायला लागले होते.

जाळाचा डबा थोरलीने दोन दिवस खपून वेल्ड केला. बाबांनी सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरं." त्याच दुपारी धाकटीने पहिल्यांदा वेल्डिंगचा रॉड धरला. पत्र्यावर कबुतराने घाण करावी तसे गोळे पडले.

"वा! पहिल्याच दिवशी?" बाबा म्हणाले. "हात आहे हिला."

तीस वर्षं वर्कशॉप चालवणारीला त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून थोरलीने स्वतःची समजूत घातली. पण त्या रात्री तिने धाकटीला पुन्हा भाजी वाढली नाही, न विचारताच झाकून ठेवली.

"ताई, गप्प का गं?" धाकटीने आता मान वर करून विचारलं. "जीभ वेल्ड झाली की काय?"

"काम करतेय."

"बाबा, ही लहानपणीही अशीच होती ना?"

"हिचं तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं," बाबा म्हणाले, आणि दोघं पुन्हा हसली.

धाकटीच्या खुणा पुऱ्या झाल्या. नळातूनच कापून काढायच्या दाराचा चौकोन नेटका आला होता. थोरलीने सामानाच्या डब्याकडे पाहिलं. बिजागऱ्या अजून त्यातच पडल्या होत्या.

ती एकोणीस वर्षांची असताना तिने टाकीचं असंच एक झाकण सबंध कापून काढलं होतं. बाबा तीन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. चौथ्या दिवशी म्हणाले होते, "आधी बिजागरी, मग काप. नळाच्या पोटात ताण असतो. एक बाजू कापायची, बिजागऱ्या जोडायच्या, मगच उरलेलं. नाहीतर पत्रा अंग टाकतो, आणि गेलेलं माप परत येत नाही." त्यानंतर प्रत्येक झाकणाच्या वेळी, तिला पाठ झालं असतानाही, ते हेच म्हणत आले होते.

आता बाबा ओरडतील, हिलाही कळू दे, असं थोरलीच्या मनात आलं. तिने हातमोजे काढले आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

धाकटीने तीन बाजू कापल्या आणि थांबली.

"बाबा, चौथीही कापू ना?"

"काप की. त्यात विचारायचं काय?"

थोरली भिंतीपासून पुढे झाली. बाबांच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं. तो चेहरा निवांत होता, खात्रीचा होता. तिने तोंड उघडलं, पण तोवर ठिणग्या उडायला लागल्या होत्या. खणकन आवाज झाला आणि पत्रा सुटला.

धाकटीने दार उचलून जागेवर बसवलं. दोन्ही कडा बोटभर वर राहिल्या. बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी दार उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा टेकवून पाहिलं. मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं.

"असं का झालं गं?"

चिडून नव्हे. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. दार अजून त्यांच्या हातातच होतं.

थोरलीने पुढे होऊन दार त्यांच्या हातून घेतलं.

"खुणा मी केल्या होत्या," ती म्हणाली. "माझ्याकडून चुकलं."

बाबांचे खांदे सैल झाले.

"तरीच! तीस वर्षं झाली, अजून खडू जाड धरतेस. धाकटे, हिच्यावर विसंबत जाऊ नकोस."

धाकटीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. खडूची पूड तिच्याच बोटांना होती. ती काही बोलणार, एवढ्यात थोरलीने तिच्या हातात पत्रा दाबून धरायचा शिकंजा दिला.

"इथे धर. घट्ट आवळ. आतून पट्ट्या जोडून ओढून घेऊ."

"ताई..."

"आवळ म्हटलं ना."

धाकटीने आवळलं. पत्रा करकरत थोडा खाली आला. थोरलीने वेल्डिंगचा मुखवटा डोक्यावर चढवला, पण डोळ्यांवर ओढला नाही.

"आणखी काय चुकलं, बाबा?" तिने विचारलं.

बाबांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सांगायला सुरुवात केली.