गोदूबाईच्या हातातला माइक

मी माइक बोलतोय. एरवी माझ्यातून दुसरेच बोलतात, आज माझी पाळी!

कर्जतच्या बाजारातून मला कळंबच्या पुढच्या एका छोट्या गावात आणलं. ग्रामसभा आली की मला बाहेर काढतात, डोक्यावर टकटक करतात, तोंडावर फुंकर मारतात. ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणणारा माणूस किती वेळ बोलतो, ते मला विचारा. एरवी महिनोन्‌महिने मला कुणी ढुंकून बघत नाही.

गेल्या सव्वीस जानेवारीला हर्षदने मला हातात घेतलं. हर्षद म्हणजे गावातला शिकलेला मुलगा, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा. म्हणाला, “गाडी चालवायला परीक्षा लागते, मग मत द्यायला का नको? सरपंचाचं काम कोणतं, आमदाराचं कोणतं, एवढंही ज्याला माहीत नाही त्याला मत नको!”

पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे सतरंजीवर वरच्या आळीची गोदूबाई बसली होती. साठी उलटलेली, जेमतेम सही करणारी.

“मंग माजी घे की रं परीक्षा,” ती म्हणाली.

हर्षद हसला. “सांग काकी, वरच्या आळीला पाणी चढत नाही. कुणाकडे जाशील?”

“आमदाराकडं. दोन निवडणुका झाल्या, दोनी येळेला सांगितलं.”

“चुकलं! ते काम ग्रामपंचायतीचं. नापास!”

सगळी सभा खो खो हसली. गोदूबाई उठली, तरातरा पुढे आली आणि तिने मला हातात घेतलं. हंडे वाहून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते.

“हर्षद, तुला हे ठावं होतं?”

“हो.”

“रोज माज्या दारावरून जातोस. माज्या डोक्यावरचा हंडा बघतोस. मंग सांगितलं का नाय रं?”

घाबरून मीच तेवढं ‘कुईं’ केलं.

“मी नापास, कबूल हाय,” गोदूबाई म्हणाली. “पन मतासाठी तरी मानसं माज्या दारात येत्यात. माजं मतच काढून घेतलंस, तर मला सांगायला दारात येईल कोन?”

आता कुणी हसलं नाही. हर्षद सतरंजीवर येऊन बसला. “चुकलं माझं, काकी,” म्हणाला आणि तिथल्या तिथे त्याने तिच्यासाठी अर्ज लिहिला. ग्रामसेवकांनी तो माझ्यातून वाचून दाखवला, सगळ्यांनी हात वर केले, ठराव झाला. महिन्याभरात पाइपलाइनचा बिघडलेला व्हॉल्व्ह बदलला आणि वरच्या आळीत पाणी चढलं. त्या दिवशी गोदूबाईने ओल्या हातानेच हर्षदच्या गालावरून बोटं फिरवली.

आता दर रविवारी देवळाच्या ओसरीवर हर्षद कुठलं काम कुणाचं ते समजावून सांगतो. ‘मतदाराला एवढं आलंच पाहिजे’ हा हट्ट त्याने सोडलेला नाही, परीक्षेचं नाव मात्र काढत नाही. सगळ्यांत जास्त प्रश्न गोदूबाईचे. एकदा तर तिने त्यालाच अडवलं, तेव्हा बिचारा ‘पुढच्या रविवारी सांगतो’ म्हणून सुटला.

माझी जाळी आता चेपलीय, आवाजही घोगरा झालाय. पण मी अजून चालतो. तेव्हा मंडळी, तुम्हाला एखादी गोष्ट ठाऊक असेल तर शेजाऱ्याला सांगून टाका. आणि ठाऊक नसेल, तर लाजू नका. पुढे या, मला हातात घ्या आणि विचारा.