चिरेखाणीतले रोहू

मालगुंडच्या जानूतात्यांनी उभी हयात समुद्रावर काढली. लेक निशिगंधा मात्र लांज्याजवळच्या गावात दिलेली. सासरच्या, जांभा दगड काढून पडीक पडलेल्या चिरेखाणीत पाणी साठलं होतं, त्यात तिने रोहू मासे सोडले. सुरुवातीला त्या रोहूंचं खाणं तात्याच पुरवत, सुक्या बारीक मासळीचा कूट. आपल्या समुद्रावाचून लेकीचं तळं चालत नाही, याचं त्यांना मोठं समाधान वाटे.

गेल्या पावसाळ्यानंतर तिने फोनवर सांगितलं, "तात्या, कूट नको आता. दुसरं काहीतरी मिळालंय."

तात्यांना ते लागलं. मे महिन्यात मासे काढायच्या दिवशी ते एसटीने आले, ते तोंड फुगवूनच.

निशिगंधाने त्यांना शेडमध्ये नेलं. टाक्यांत काजूची बोंडं कुजत पडली होती आणि त्यांत काळ्या माशीच्या अळ्या वळवळत होत्या. त्या वाळवायच्या, दळायच्या, भाताच्या कोंड्यात नि पेंडीत मिसळायच्या, की झालं खाद्य.

"शी! हे काय गो घालतेस त्यांना?"

"तुमच्या कुटात तारलीची, बांगड्याची पिल्लं असायची, तात्या," ती म्हणाली. "आणि तुम्हीच सांगायचात, पिल्लं उचलली तर उद्या जाळ्यात काय येणार? ते काय डोक्यातून जाईना."

आपलं बोलणं पोरीने इतकं मनावर घेतलं असेल, असं तात्यांना वाटलं नव्हतं.

खाणीवर गिऱ्हाइकं जमली होती. तात्यांनी लुंगी खोचली आणि जाळ्याचं एक टोक धरलं. ओढताना हाताला भार लागला तसे ते चमकले. रुपेरी रोहू उसळत काठाला आले, चांगले भरलेले. तात्यांनी एकाचा कल्ला उचलून पाहिला. लालभडक! खोट काढायला जागाच नव्हती.

"काय घालता ओ यांना?" एका बाईने विचारलं.

निशिगंधा घुटमळली. अळ्यांचं नाव काढलं तर गिऱ्हाईक पळेल, ही तिची भीती तात्यांनी ओळखली. मग तेच मोठ्याने बोलले, "अळ्या! काजूच्या बोंडांवर पोसलेल्या. माझ्या लेकीची अक्कल आहे ही. जन्मभर मासळी हाताळली मी, बाय, पण गोड्या पाण्यातला असा मासा नाय बघितला."

बाईने नाक मुरडलं. मग तात्यांच्या हातातल्या रोहूकडे नीट पाहिलं.

"द्या एक. मोठा बघून."

"माझ्याकडे नको मागू," तात्या छाती पुढे काढून म्हणाले. "मालकीण ती हाय."