फळीवरचा भोपळा

"अहो, फळीवरचा भोपळा कुठंय?" बायकोने शिलाई मशीनवरून मान न उचलता विचारलं, आणि पोस्टमनने मोठ्या समाधानाने उत्तर दिलं, "पोचवला की."

तो खरं तर आता पोस्टमन राहिला नव्हता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण हाडाचा पोस्टमन निवृत्त होतो तो फक्त कागदावर. समोर एखादी वस्तू बांधून ठेवलेली दिसली, की ती कुणाची आणि कुठे न्यायची याचा विचार डोक्याआधी त्याच्या पायांत सुरू व्हायचा. बायकोचं शिवणकामाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. तयार कपडे घरोघर नेऊन द्यायचं काम त्याने कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं आणि ते तो फार निष्ठेने करायचा. एकदा गिऱ्हाईक जिन्यातच भेटलं, तर त्याने कपडे त्याच्या हातात दिले नाहीत. त्याला परत वर नेलं, दार उघडायला लावलं आणि मग दिले.

दुकानाचा नियम साधा होता. काजं-बटणं झाली, इस्त्री झाली, की बायको गाठोड्याला लाल दोरा बांधून फळीवर ठेवायची. लाल दोरा म्हणजे, याला आता कुणी कात्री लावायची नाही. पोस्टमनच्या लेखी लाल दोरा म्हणजे, पायात चपला घाल आणि निघ. इतकी वर्षं दोघांचं म्हणणं एकच आहे असं दोघांनाही वाटत होतं.

आणि भोपळ्याच्या देठाला लाल दोरा होता.

मशीन थांबलं. "कुठे पोचवला?"

"दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे, परवा, पडद्यांबरोबर. तू पडद्यांच्या गाठोड्याला टेकूनच ठेवला होतास ना? मी म्हटलं, त्यांनीच मागवला असेल. सांभाळून नेला हां! पिशवी खालून धरून."

बायकोने हातातली सुई उशीत टोचली, चष्मा काढला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ओरडली असती तर त्याचं काही बिघडलं नसतं, ओरडणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. हे पाणी बघून मात्र तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"तो बियांचा होता हो," ती म्हणाली. "आईचा."

एवढ्यावरून त्याला सगळं कळलं. तिच्या आईचा भोपळा म्हणजे चपटा, राखाडी सालीचा, आतून गर्द केशरी. लग्न होऊन आली तेव्हा तिने त्याच्या बिया रुमालाच्या गाठीत बांधून आणल्या होत्या आणि तेव्हापासून मागच्या अंगणातल्या जुन्या पिंपांमध्ये दरवर्षी त्याचा वेल चढत होता. शिवणकामात ती जेवढी काटेकोर, त्याहून या वेलाच्या बाबतीत जास्त. मधमाशीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. माशी कुणाकुणाच्या भोपळ्यावरून फिरून येणार आणि इथे भलताच संसार मांडून जाणार! म्हणून उमलायच्या आदल्या संध्याकाळी ती नर आणि मादी, दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने बांधायची. सकाळी उठून नर फूल तोडायचं, मादी फुलात स्वतःच्या हाताने फिरवायचं आणि पुन्हा तोंड बांधून टाकायचं. "लागलं का लग्न?" पोस्टमन खिडकीतून विचारायचा. "तुमच्यासारखं स्थळ नको म्हणून तर एवढी मेहनत," असं उत्तर यायचं.

यंदा बियांच्या डब्यात ओल शिरली आणि बुरशीने घात केला. धड राहिलेल्या बियांतून कसाबसा एक वेल निघाला. त्याला तिच्या हातचं म्हणावं असं एकच फळ धरलं. बी आत नीट भरावं म्हणून ते तोडल्यावरही काही आठवडे हवेशीर जागी ठेवायचं असतं, आणि दुकानातली फळी हीच घरातली हवेशीर जागा. लाल दोरा तिने बांधला तो कुणी कात्री, विळी, सुरी लावू नये म्हणून. थोडक्यात, तिच्या आईचा भोपळा या जगात आता एकच उरला होता, आणि तो तिच्या नवऱ्याने घरपोच देऊन टाकला होता.

"ऊठ," पोस्टमन म्हणाला. "चल. अजून कापला नसेल." आपल्याच बोलण्यावर त्याचा विश्वास नव्हता, पण बायकोला आधार द्यायला दुसरं काही सुचेना.

दवाखाना कोपऱ्यावरच्या उंच इमारतीत, तळमजल्यावर होता. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेल्या मंडळींना ओलांडून दोघं थेट आत घुसली. डॉक्टरीणबाई एका माणसाच्या उघड्या तोंडात वाकल्या होत्या. पोस्टमनला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अहो काका! तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. काय भोपळा होता हो!"

होता. पोस्टमनच्या तोंडचं पाणी पळालं.

"आणि बिया?" बायकोने विचारलं.

"बिया?" डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "मी एकटी, एवढा मोठा भोपळा कशी संपवणार? अर्धा वरच्या मजल्यावर दिला. माझ्या अर्ध्यातलं आतलं सगळं कचऱ्यात गेलं. गाडी कालच येऊन गेली."

बायको मटकन बाजूच्या स्टुलावर बसली. तेवढ्यात खुर्चीतला माणूस हात हलवायला लागला. तोंडात कापूस, एक नळी आणि डॉक्टरीणबाईंची दोन बोटं, त्यामुळे नुसतं "आँ, आँ" बाहेर येत होतं. पण त्याचा अंगठा सारखा छताकडे जात होता.

"हलू नका हो!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. मग म्हणाल्या, "अरे हो, यांनाच तर दिला मी अर्धा! हे आमचे कुलूपवाले. किल्ल्या करून देतात, वर आईबरोबर राहतात."

बायको उठली आणि खुर्चीवर अशी वाकली, की आता दात तीच काढणार असं वाटावं. "बिया टाकल्या का? हो असेल तर एक बोट, नाही असेल तर दोन."

दोन बोटं वर आली.

"उकडल्या?"

दोन बोटं.

"भाजल्या?"

कुलूपवाल्याने हात वर केला, थबकला आणि पंजा डावीउजवीकडे हलवला.

"म्हणजे काय? थोड्या भाजल्या? थोड्या राहिल्यात?"

एक बोट. बायकोने पोस्टमनकडे पाहिलंही नाही, ती जिन्याच्या दिशेने सुटली. "सगळ्यात वरचा मजला!" डॉक्टरीणबाईंनी मागून ओरडून सांगितलं. लिफ्ट बंद होती. आयुष्यभर जिने चढलेला पोस्टमन धापा टाकत मागे राहिला आणि आयुष्यभर बसून काम केलेली शिंपीण पुढे गेली. बी माणसाकडून काय काय करून घेतं!

दार उघडलं ते कुलूपवाल्याच्या आईने. ठेंगणी, कमरेत थोडी वाकलेली म्हातारी होती. एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिने उभी हयात घालवली होती. बायकोने एका दमात सगळी हकीकत सांगितली. म्हातारीने ती ऐकून घेतली, पोस्टमनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि दोघांना आत घेतलं.

"पातेल्याशेजारी उभी राहून जन्म गेला माझा," ती म्हणाली. "इतके भोपळे शिजवले, की भोपळ्याला चव असते हे विसरूनच गेले होते. हा तोंडात घातला आणि भाजायला टाकलेल्या बिया तव्यावरून तशाच उचलल्या. बोटं पोळली, ही बघा. पण ज्या पोळल्या त्या गेल्याच. बाकीच्या धुऊन वाळत टाकल्या."

खिडकीत चाळणी होती. चाळणीत बिया होत्या, पांढऱ्या, टपोऱ्या, पण जेमतेम तळ झाकेल एवढ्याच. बायकोचा जीव भांड्यात पडला. मग तिच्या भुवया वर गेल्या.

"अर्ध्या भोपळ्यात एवढ्याच?"

"एवढ्याच कशा असतील? वाटल्या. इमारतीत ज्याच्याकडे गॅलरी आहे त्याला मूठमूठ दिली."

"वाटल्या?" बायकोचा आवाज चिरका झाला. "लोकांना? आजी, ते आमचं घरचं बी आहे! आईने बजावून सांगितलं होतं, कुणाला द्यायचं नाही म्हणून. आजवर एक बी बाहेर जाऊ दिलं नव्हतं मी!"

"आणि तुमच्या घरावर वीज पडली असती तर?"

"वीज कशाला पडायला हवी? घरात हे आहेत ना!"

म्हातारी खो खो हसली. हसताना तिला ठसका लागला, म्हणून पोस्टमनने पाणी आणून दिलं. तेवढंच आपलं काहीतरी बरोबर पोचलं, असं त्याला वाटलं. पाणी पिऊन म्हातारीने चाळणी उचलून बायकोच्या मांडीवर ठेवली. "घ्या. गच्चीवर लावायला चार मी काढून ठेवल्यात, बाकी सगळ्या तुमच्या. वाटलेल्या काही मी परत मागायची नाही. दिलेलं मागायला जाणं मला जमत नाही."

बायकोने बिया पदरात बांधल्या. काम झालं होतं. दारापर्यंत गेली, चपलेत पाय घातला आणि तशीच उभी राहिली.

"आजी, फूल बांधायचं सांगितलंत का त्या लोकांना?"

"फूल कशाला बांधायचं?"

बायकोने कपाळावर हात मारला, चपला काढल्या आणि परत आत येऊन बसली. पोस्टमनने ओळखलं की आता जेवणाची वेळ टळणार. तसंच झालं. आधी म्हातारीला समजावणं झालं. मग खालच्या मजल्यावरची नर्स आली, तिच्या शेजारचा ढोलवाला आला, तोंड सुजलेला कुलूपवाला आला. कळी कशी ओळखायची, दोरा किती घट्ट आवळायचा, कुठल्या फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो. घरी येताना ती वाटभर बडबडत होती. "बिघडवून ठेवतील सगळे! त्या ढोलवाल्याची बोटं पाहिलीत का? फूल धरेल की फोडेल?" पण ती तरातरा चालत होती, आणि तिचा राग खरा असला की ती तशी चालत नाही हे पोस्टमनला माहीत होतं.

पुढच्या हंगामात तिने पदरातल्या बिया पिंपांत लावल्या. वेल तरारून वर आला, फुलांवर आला आणि ऐन वेळी पानांवर भुरी पडली. पांढरी भुकटी पसरत गेली, पानं करपली, धरलेली फळं लिंबाएवढी होऊन गळाली. तिने ताक फवारलं, राख टाकली, पानं एकेक करून पुसली. शेवटी एका सकाळी तिने वेल उपटला. त्या दिवशी तिने मशीन चालवलं नाही. पोस्टमनने स्वयंपाक केला. तो कच्चा राहिला होता, पण तिने मुकाट्याने खाल्ला, यावरूनच तिची अवस्था ओळखावी.

पण रडत बसायला तिला सवड कुठे होती? उजाडायच्या आत इमारतीतून निरोप यायचा, "ताई, आज फूल उमलणार बहुतेक!" आणि ती दोऱ्याचं रीळ घेऊन पळायची. नर्सची रात्रपाळी असली की तिच्या वेलाचं लग्न हीच लावायची. ढोलवाल्याची बोटं फुलाजवळ आली की लोण्यासारखी मऊ होतात, असं तिने स्वतःहून कबूल केलं. आणि तिच्या अंगणात हरलेला वेल तिथे गॅलऱ्यांचे गज धरून वर चढत राहिला. म्हातारीने तर आपल्या बिया गच्चीवर, उघड्या उन्हात लावल्या होत्या.

फळं पिकून, ठेवून तयार झाल्यावर एका रविवारी सगळे गच्चीवर जमले. म्हातारीने तिथेच शेगडी मांडली होती. प्रत्येक घरचा भोपळा वेगळा उकडला, फक्त चिमूटभर मीठ घालून. न्यायनिवाड्याला कोण बसणार हे विचारायचीही गरज नव्हती. शिंपीण चटईवर बसली आणि फोडी तिच्यापुढे यायला लागल्या. नर्सचा भोपळा खाऊन ती म्हणाली, "बरा आहे, पण पाणी जरा जास्तच पाजलेलं दिसतंय." ढोलवाल्याच्या भोपळ्याला तिने मान डोलावली आणि तो लहान मुलासारखा लाजला. डॉक्टरीणबाईंच्या कुंडीत भोपळा आलाच नव्हता, तरी त्या ताटली घेऊन सगळ्यांच्या पुढे होत्या.

शेवटी गच्चीवरच्या वेलाचा भोपळा आला. चपटा, राखाडी, आतून पेटल्यासारखा केशरी. बायकोने फोड तोंडात घातली आणि तिचं चावणं मध्येच थांबलं. तिने डोळे मिटले. पोस्टमनला दवाखान्यातला तो "होता" आठवला आणि त्याने उगाच कठडा घट्ट धरला.

"काय हो?" म्हातारीने न राहवून विचारलं. "उतरलाय का तुमच्या आईचा?"

बायकोने डोळे उघडले. ते भरून आले होते आणि ती हसत होती.

"नाही," ती म्हणाली. "आईच्याहून गोड आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्या आईच्या कुठल्याही गोष्टीहून काही सरस असू शकतं, हे पोस्टमन तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होता. तिने बोटं पुसली, म्हातारीपुढे दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि म्हणाली, "आजी, यातल्या मूठभर बिया द्याल मला?"