न भाजलेला वाफा

ढेकूळ काळपट होतं, आणि गार… वैशाखात कातळावरची माती अशी गार लागावी म्हणजे नवलच. सुगंधाने ते चुरलं तर आतून अर्धं कुजलेलं आंब्याचं पान निघालं, शीर तेवढी शाबूत. ‘बघ गो,’ म्हणून नवऱ्याने हातात दिलं होतं, आणि आता ते तिला टाकवेना.

नवरा म्हणजे काशिनाथमास्तर. निवृत्त झाले आणि शेतात शिरले. इतकी वर्षं बांधावर छत्री धरून उंटावरून शेळ्या हाकायचे, आणि सुगंधा चिखलात – पदरी पडलं पवित्र झालं, असं ती शेजारणींना हसत सांगायची. आता म्हणे रेडिओवर ऐकलं: झाड हवेतला कार्बन खातं, पान मातीत कुजलं तर त्यातला थोडा तिथेच मुरून राहतो, जाळलं तर धूर होऊन पुन्हा वर, आभाळ तापत चाललंय, आणि ही आपली कोरडी, उघडी माती तर आधीच उपाशी… म्हणून यंदा पेरणीआधी पाला जाळून वाफा भाजायचा नाही. गेल्या वर्षी कोपऱ्यात पाला पुरून त्यांनी हे ढेकूळ कमावलं होतं.

पण वाफा भाजल्याशिवाय तरवा – भाताची रोपं – कधी कुणी काढलाय? तण माजेल, रोपं पिवळी पडतील, मग लावणीला जावेच्या दारात रोपं मागत उभं राहायचं… चहूकडच्या वाफ्यांतून धूर चढत होता. तिच्या कनवटीला काडेपेटी होती.

“आणि तरवो नाय इलो तर?” तिने विचारलं.

“तर माझा चुकला म्हणान वाडीत सगळ्यांका सांगतलंय.”

एवढं बोलून ते पुन्हा वाकले, पाला पसरू लागले. जन्मभर खडू धरलेले हात, काट्यांनी ओरबाडलेले. उद्या वाडीपुढे उभं राहून आपलं चुकलं असं सांगताना ते तिला दिसले, लोक हसताना दिसले. त्यांना हसायचं ते तिने. इतरांनी का म्हणून?

काडेपेटी तिने काढली नाही. भाजायचं नाही, असंही ती म्हणाली नाही. देवापुढे गाऱ्हाणं घालून मागणं हे पुरुषांचं काम, तरी मनातल्या मनात तिने घातलंच – देवा महाराजा, भात चार मुठी कमी दे, पण ह्या माणसाक खरो कर… आजवर तिने देवाकडे रोपं मागितली होती, हे कधी मागितलं नव्हतं. आणि मागून झाल्यावर, इतकी वर्षं त्यांना निर्धास्त हसणाऱ्या तिला, ते खोटे ठरतील याची पहिल्यांदाच त्यांच्याइतकी भीती वाटली.